बाबांचे बुधवार

वलगाव

प्रिय वर्षू,

हे फोनवर सांगायला घेतलं असतं तर तू मध्येच "आई, क्लास आहे, मग बोलते" म्हणाली असतीस. म्हणून लिहायला बसले. शेवटपर्यंत वाच.

मला तुझ्या बाबांचा संशय आला होता. हसू नकोस. दिवाळी झाल्यावर त्यांचं दर बुधवारी अकोल्याला जाणं सुरू झालं. विचारलं तर म्हणायचे, "निशिगंधाचे कंद पाहाले चाललो." घरात एकही कंद आला नाही. आणि जाताना नवा सदरा! आपल्या घरात नवं काही वापरायचं नसतं, हे तुला ठाऊकच आहे. चादरी तुझ्या लग्नासाठी पेटीत, चांगल्या कपबश्या पाहुण्यांसाठी फळीवर, फ्रिजवरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नाही. विहीर होऊ दे, मग पाहू. वर्षूचं शिक्षण होऊ दे, मग पाहू. असं म्हणतच आमचे केस पांढरे झाले. तोच माणूस आता आरशासमोर उभा राहून मिशा काळ्या करतो, म्हटल्यावर कोणत्या बाईच्या मनात पाल चुकचुकणार नाही?

एकदा मोरीच्या दारातून पाहिलं, तर आरशासमोर गाल फुगवून उभे! मला पाहताच तोंड धुवायला लागले.

मग त्यांनी तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडला. एवढ्या वर्षांत माझ्या शपथांनी सुटला नव्हता, तो एका दिवसात. ठेचा ताटात तसाच राहायला लागला. ओठ सुजलेला दिसायचा. आता मात्र दुसरी बाई मनातून गेली आणि त्याहून वाईट काहीतरी येऊन बसलं. आपल्या गावात खर्ऱ्याने कितीजणांची तोंडं खाल्ली, तू पाहिलंस. हे लपून अकोल्याच्या डॉक्टरकडे जातात, अशी माझी खात्रीच झाली. ते झोपले की मी त्यांच्या श्वासाचा वास घ्यायची. खिसे चाचपायची. तुला कळवायचं धाडस मात्र झालं नाही.

गेल्या बुधवारी तोंडाला स्कार्फ बांधून मी त्यांच्याच एसटीत मागच्या सीटवर बसले. अकोल्याला ते उतरले, मीही उतरले. दवाखान्यांची ओळ आली, तशी मी मनात देवाचं नाव घ्यायला लागले. पण ते थांबलेच नाहीत. पुढे एका गल्लीत वळले आणि एका टिनाच्या शेडमध्ये शिरले. दारात एक बाई लाल कोटाला सोनेरी दोरी शिवत बसली होती. मला पाहून म्हणाली, "आओ बहन, बारात कब है?"

आतून वाजायला लागलं. आधी कोंबडी ओरडल्यासारखं, मग हळूहळू सुरात. वाकून पाहिलं, तर अंगात लाल कोट, डोक्यावर तुरा आणि तोंडाला क्लॅरिनेट लावलेले तुझे बाबा! ती बाई परवीन. तिचे यजमान अब्दुल गफ्फार यांची बँडपार्टी आहे. तिथे हे शिकायला जातात. मला ओळखताच बाबांच्या हातून क्लॅरिनेट पडता पडता राहिलं.

मी तिथेच रडायला लागले. म्हटलं, आधी तोंड उघडा. गफ्फारभाईंच्या मोबाइलच्या उजेडात मी त्यांचं सगळं तोंड पाहिलं. कुठे काही नव्हतं. गफ्फारभाई म्हणाले, "भाभी, नवीन मानसाचा ओठ सुजतेच. आन खर्रा मीच बंद केला, फुंकर कुठून येईन?" परतताना एसटीत मी पुन्हा विचारलं, खरं सांगा, तुम्हाला काही झालंय का? लग्नाआधी ते प्रत्येक वरातीत क्लॅरिनेटवाल्याला चिकटून चालायचे, हे त्यांनी मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. मग म्हणाले, "काई झालं नाई, मनूनच जाऊन राहिलो. काई झाल्यावर फुंकता येते का, साधना?" माझ्यापासून लपवलं का, तर म्हणे, तू हसशील. आणि मी खरंच हसले, मूर्तिजापूर येईपर्यंत.

आता का लिहिलं ते सांगते. गेल्या चार वर्षांत तू घरी आलीस ती बाबांचा हात मोडला तेव्हा आणि आजी गेली तेव्हा. बाकी प्रत्येक वेळी "परीक्षा झाल्यावर येते" म्हणालीस. येत्या रविवारी वलगावात एक वरात आहे आणि बाबा त्यात पहिल्यांदा वाजवणार आहेत. बहुतेक चुकतील. तुला कळवू नको म्हणाले, अभ्यास बुडेल म्हणून. मी "ये" म्हटल्यावर तू घाबरशील, घरात काय लपवतात म्हणून दहा वेळा फोन करशील, हेही मला माहीत आहे. कर. पण कोणी आजारी नाही, कोणी गेलेलं नाही. आम्ही दोघं धडधाकट आहोत, आणि अशा आमच्याकडे तू एकदा यावंस, एवढंच माझं मागणं आहे. शनिवारची गाडी पकड.

तुझी वाट पाहण्याचा कंटाळा आलेली, तरी तुझीच,
आई