यंत्राला न सुचणारी चाल

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

किळस. दुसरा शब्द नाही.

संध्याकाळी भाचा महेश आला. आयटीत आहे, पाथर्डी फाट्याला राहतो. मोबाइल पुढे केला आणि म्हणाला, मामा, निकिताच्या लग्नाच्या मंगलाष्टका कम्प्युटरकडून करून घेतल्या, ऐका. पाहुण्यांची नावं टाकली, म्हणे, आणि चहा गाळून होईस्तोवर चाल, आवाज, बासरी सगळं तयार. ऐकल्या. आवाज इतका गुळगुळीत की पाय घसरावा. मधे कुठे श्वासच नाही. ज्याला दम लागत नाही त्याने गाऊ नये, असं मी स्पष्ट सांगितलं. उज्वला स्वयंपाकघरातून म्हणाली, छान वाटतंय की. तिला विचारलं नव्हतं.

वर महेश सांगतो, एका ठेकेदार मित्रालाही असंच गाणं करून दिलंय, सध्या जोरात वाजतंय. कुठे वाजतंय ते मी विचारलं नाही. उकिरड्याचा पत्ता कोण विचारतो?

निकिता माझी एकुलती एक भाची. तिच्या बारशाला पेटी मी वाजवली. मंगलाष्टकांना मामा नवरीच्या पाठीशी उभा राहतो. पाठीशी मामा आणि गळा मशीनचा? फॅमिली ग्रुपवर जाहीर करून टाकलं: मंगलाष्टका मी रचणार, मी गाणार, चाल कोरी करकरीत. ती यंत्रापेक्षा हलकी ठरली तर माझी पेटी कायमची माळ्यावर.

निकिताने नांदगावहून लगेच लिहिलं, मला मामाचंच हवंय. तिच्या आईने, साधनाताईने लिहिलं, मांडववाल्याचा नंबर पाठव.

उद्यापासून पहाटे पाचला रियाज.

४ नोव्हेंबर

उठलो. आठला. थंडीत स्वर लागत नाही, हे शास्त्र आहे.

६ नोव्हेंबर

सकाळ नासली. दिवाळीपासून आमच्या गल्लीतल्या घंटागाडीला नवीन गाणं लावलंय. ओला कचरा हिरव्या डब्यात, सुका कचरा निळ्या डब्यात. ते संगीत आहे की शिक्षा? गाडी नेमकी आमच्या बिल्डिंगखालीच रेंगाळते. शब्द कळले तेवढे पुरे, चाल ऐकायची नाही असं ठरवलंय. वाईट संगीत कानात गेलं की आत कुजतं.

उपाय: रात्री झोपताना कानात कापूस. डबे घेऊन खाली उज्वला जाते. कलावंताने केराचा डबा धरू नये, हा नियम मी लग्नाच्या पहिल्या वर्षीच केला होता.

९ नोव्हेंबर, रविवार

दिवसभर पेटीवर. चार चाली झाल्या. पहिली आरतीसारखी, दुसरीही आरतीसारखी, तिसरी शाळेच्या प्रार्थनेसारखी. चौथी चांगली होती पण विसरलो.

महेशचं यंत्र जुन्या चाली ढवळून नवीन काढतं. मी ढवळत नाही, म्हणून वेळ लागतो.

गोजराबाई आत्यांचं नाव ओळीत बसत नाही. यंत्राने बसवलं होतं. पण यंत्राला आत्या माहीत कुठे आहेत? माहीत असत्या तर त्यालाही जड गेलं असतं. नाव वगळलं. आत्या रुसतील. रुसू देत. कला आधी.

१२ नोव्हेंबर

दुकानातही डोक्यात तेच. एका गिऱ्हाइकाला ठिबकच्या पाइपाऐवजी स्प्रिंकलरचे नोझल बांधून दिले. तो परत आला आणि वाटेल ते बोलला. शेतकऱ्याला काय कळणार, मी कुठल्या अवस्थेत आहे.

महेशचा मेसेज: मामा, चाल झाली का? नसेल तर आपली मशीनवाली आहेच. खाली हसरा चेहरा. तो चेहरा पाहून जेवण गेलं नाही. म्हणजे गेलं, पण चव लागली नाही.

१५ नोव्हेंबर, सकाळी आठ

आली! चाल आली!

अर्धवट झोपेत होतो. कानात कापूस. बाहेरच्या जगाशी संबंध शून्य. आणि कुठून तरी लांबून, जणू भिंतीपलीकडून, चाल उतरली. मुखडा पूर्ण, अंतरा अर्धा. मग एकदम थांबली आणि दूर दूर जात विरली. दोन्ही हात जोडले. असं सुचणं कुठल्या सॉफ्टवेअरच्या बापाच्या नशिबी नाही.

धावत पेटी काढली. उज्वला डबे धुऊन वर येत होती. म्हटलं, बोलू नकोस, सांडेल.

१७ नोव्हेंबर

चमत्कार. रोज सकाळी त्याच सुमारास चाल पुन्हा उतरते. अंतराही मिळाला. देव शिकवणीला येतो आहे.

१८ नोव्हेंबर

उज्वला फरशी पुसताना माझी चाल गुणगुणत होती! मी तिला अजून ऐकवलेलीच नाही. इतक्या वर्षांचा संसार, मनं अशी जुळतात. डोळे पाणावले. तिला सांगितलं नाही, डोक्यावर बसेल.

२० नोव्हेंबर

दूधवाला तीच चाल शिट्टीवर वाजवत जिना उतरला.

चाल फुटली आहे. संशय महेशवर. यंत्र भिंतीतून ऐकत असणार. आजपासून खिडक्या बंद, पंखा फुल, मग रियाज.

२३ नोव्हेंबर, रविवार

शेवटी उज्वलाला बसवून रीतसर ऐकवलं. तिचा चेहरा विचित्र झाला. म्हणाली, अहो, ही कुठेतरी ऐकल्यासारखी वाटते. मी समजावलं, की थोर चाल पहिल्यांदा ऐकतानाही ओळखीचीच वाटते, तीच तिची खूण. ती म्हणाली, उद्या सकाळी तुम्हीच डबे घेऊन खाली जाल का, एकदाच. मी म्हटलं, लग्न आठवड्यावर आलंय आणि तुला कचरा सुचतो? मग ती पदर तोंडाला लावून आत गेली. मी फार कठोर बोललो बहुतेक.

२६ नोव्हेंबर

उज्वलाने पुन्हा डब्यांचा विषय काढला. बाईच्या डोक्यात कचऱ्याशिवाय काही नाही. वीट आला.

३० नोव्हेंबर, रविवार, लॉन्सवरून परतल्यावर

जिंकलो!

क्रमाने लिहितो. अंतरपाट धरला. निकिता पाटावर, मी तिच्या पाठीशी, हातात माइक. महेश मोबाइल घेऊन स्टेजच्या कडेला, गिधाडासारखा. सूर धरला. पहिली ओळ संपते न संपते तोच आमच्या इंदिरानगरची सगळी मंडळी माना वर करून बघायला लागली. दुसऱ्या ओळीला चक्क साथ सुरू! न शिकवता! आमच्या खालच्या मजल्यावरच्या शकुबाई तर खुर्चीतून ताडकन उठल्या आणि बावरून इकडेतिकडे पाहू लागल्या. उभं राहून मानवंदना. असं मी फक्त मोठमोठ्या मैफिलींबद्दल ऐकलं होतं.

निकिताचे खांदे गदागदा हलत होते. मला मागून तेवढंच दिसत होतं. रडत होती पोर. मुंडावळ्या थरथरत होत्या. मी अंतरा सोडला नाही. अक्षता पडल्या त्यासुद्धा ठेक्यात.

व्याही मंडळी सटाण्याची. नवरदेवाचे आजोबा गोटीराम आबा चार दिवसांपासून आमच्याच गल्लीत पुतण्याकडे उतरले होते. हात धरून म्हणाले, हाई गानं मी ऐकेल शे. आधी ऐकलंय म्हणे. थोर चालीची खूण! गोजराबाई आत्या नावासाठी रुसल्या नाहीत. म्हणाल्या, बरंच झालं बाबा, त्यात माझं नाव नव्हतं ते. किती मोठं मन.

महेश पाया पडला. ओठ घट्ट मिटलेले, डोळ्यांत पाणी. म्हटलं, ऊठ. यंत्र हरलं, तू नाहीस.

१ डिसेंबर

ग्रुपवर माझा व्हिडिओ. खाली नुसते हसून लोळणारे चेहरे. काहींनी हिरवा डबा, निळा डबा टाकलाय. हा कसला नवीन प्रकार कौतुकाचा?

२ डिसेंबर

कापूस संपला. उज्वलाने दोन्ही डबे माझ्या हातात दिले आणि दारात उभी राहिली. नियम वगैरे काही ऐकून घेतलं नाही. म्हणाली, आज तुम्हीच.

गेलो.

गाडी वळणावरून आली.

मुखडा पूर्ण. अंतरा पूर्ण.

डबे हातात तसेच. ड्रायव्हरने ओळखलं. म्हणाला, साहेब, आमचं गाणं तुम्ही लग्नात लय भारी म्हटलं, आमच्या सगळ्या गाड्यांवर व्हिडिओ फिरतोय. कचरा मी चुकीच्या बाजूला टाकला.

दुपारी महेशला फोन केला. ठेकेदार मित्र कोण, ते आज विचारलं. घंटागाड्यांचाच ठेकेदार. घंटागाडीची चाल मशीनने काढली होती, चहा गाळून होईस्तोवर. महेश म्हणाला, मामा, मी कुणाला सांगणार नाही. सांगायला कोण उरलंय?

किळस आली. या खेपेला कोणाची, ते नीट सांगता येत नाही.

४ डिसेंबर

पेटी माळ्यावर टाकायला शिडीवर चढलो. गुडघा धरला. पेटी परत जागेवर. शब्द पाळायला शरीर लागतं.

सटाण्याहून निकिताचा फोन. म्हणाली, मामा, अंतरपाटामागे मला इतकं भरून आलं होतं, की आता हमसून रडणार आणि सगळी शोभा होणार असं वाटत होतं, तेवढ्यात तुम्ही सुरू केलंत. मग हसू आवरेना. मग म्हणाली, खरं सांगते मामा, लग्नात घंटागाडी गायचं जगातल्या कुठल्या कम्प्युटरला सुचलं नसतं.

हेच मी पहिल्यापासून सांगतोय.

तरी फोन ठेवल्यावर आनंद झाला नाही.

५ डिसेंबर

उद्यापासून पहाटे पाचला उठून नवीन चाल. माझी.

आज डबे मीच नेले. गाडी जाईपर्यंत फाटकाशी उभा राहिलो. अंतरा तिचा माझ्यापेक्षा चांगला आहे.