पहिली हाक कुणाची

॥ श्री ॥
लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
ज्येष्ठ शुद्ध एकादशी, १९७६

चि. कुमुद हिला चंद्रप्रभाताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम. तू नागपूरला सुखरूप पोचल्याचं पत्र आलं, यांच्या नावानं. लू फार वाहते आहे. आज उपास, म्हणून दुपार मोकळी सापडली.

तू होतीस तेव्हा जेवणं झाली की तुम्ही दोघं अंगणात खाटा टाकून बसायचात. एवढं अफाट आकाश, मग आपल्याहून शहाणं कुणी आजवर आढळलं कसं नाही, काही खूण का नाही, हाच विषय. मी आत भांडी घासता घासता ऐकायची. एकदा बाहेर येऊन विचारलं, तर हे म्हणाले, "अगं, ते कुमुदचं शास्त्र आहे, तुला कंटाळा येईल." तू हसलीस.

तुला पाढे मी शिकवले होते, कुमुद.

असो. काल शेजारच्या सरलाबहनजी भेटल्या. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला त्या आल्या नाहीत, ते मी मनात धरून होते. दार उघडं, दिवे लागलेले, बायकांची ये-जा, आणि भिंतीला भिंत असून ही बाई फिरकली नाही! तर त्याच म्हणाल्या, "बुलाया कहाँ था, बहनजी? बिन बुलाए कैसे आती? मैं तो खिड़की में ही बैठी थी।" खरंच की! सगळीकडे बोलावणं करून आले, शेजारचंच घर राहिलं.

संध्याकाळी यांना म्हटलं, "आकाशातलेही असेच असतील. आपण कान लावून बसलोय, तेही बसले असतील. आधी हाक कुणी मारायची?"

हे ताडकन उठून बसले. किती दिवसांनी माझ्याकडे असे बघत होते! म्हणाले, "वा! हे तुला सुचलं? उद्याच कुमुदला लिहितो."

मी कणीक मळायला आत गेले. देवापुढे बसले, पण जपात मन लागेना. माझ्या तोंडचं एक वाक्य, तेही तुझ्याकडेच जायचं?

म्हणून यांच्याआधी मीच लिहिते आहे. माझं म्हणणं चूक की बरोबर, ते मला कळव, यांना नको. तुझं शास्त्र काय म्हणतं तेही मलाच लिही, सोपं करून. दोनदा वाचेन, पण समजून घेईन. मग यांना मी सांगेन. तू गेल्यापासून हे एकटेच वर बघत बसतात, आणि मला बोलायला विषय सापडत नाही.

दिवाळीला तू येणार असं हे परस्पर ठरवून बसलेत. यंदा नको येऊस. रागावलीस तरी चालेल.

तुझी ताई,
आणि या घरची,
सौ. चंद्रप्रभा श्रीरंग