गाळात उजेड किती लांब जातो

प्रिय नणंदबाई,

यंत्राची पेटी नेलीस ती नेलीस, वर मला साधं सांगितलंसुद्धा नाहीस! हात पुसत बाहेर येते तर तू फाटकाबाहेर. एक दिवस यंत्र बोललं नाही म्हणून लगेच गाशा गुंडाळायचा? तुझा दादा इतकी वर्षं बोटींच्या बुडाखाली उतरतोय, पाणी त्याचं तरी रोज ऐकतं का?

तुझ्या प्रयोगशाळेतल्या हौदात पाणी नितळ होतं. तळाशी दादा, वर मी, मध्ये ना तार ना दोरी, नुसता तुझा निळा उजेड, आणि त्यावर बसून आवाज आला. मी यंत्र कानाला लावलं तर दादा खालून म्हणतो, चहा टाक! पाण्यात बुडाला तरी चहा सुटत नाही मेल्याचा. इथे धक्क्यावर मात्र गाळ उपसणं चाललेलं. चिखलात उजेड विखुरला, उरलासुरला बुडबुड्यांनी फोडला, यंत्र मुकं झालं. तुझं तोंड एवढंसं झालं. दादा हसला, म्हणाला, आपली बायको आणि तिच्या हातातली दोरीच बरी.

पण धक्क्यावर तूच बोललीस ना, गढुळात निळा लवकर मरतो, हिरवा तग धरतो, आणि दोन दिव्यांतलं अंतर हातभर असेल तर चिखलातही बोलणं पोचेल? मग ठेव हातभर! वरचा दिवा तारेला बांधून खाली त्याच्याजवळ सोड. तार मी धरीन.

आता खरं ऐक. दोरीला एक हिसका म्हणजे ठीक, दोन म्हणजे वर ये, हे आमचं ठरलेलं. परवा मी दोन दिले, पुन्हा दोन दिले. उत्तर नाही. वर आल्यावर म्हणतो, तू ओढलीच नाहीस. नणंदबाई, त्याच्या बोटांतली जाण गेलीय. उकळतं पातेलं नुसत्या हाताने उचलतो आणि कळत नाही त्याला. मला समजलंय हे त्याला ठाऊक नाही. डॉक्टरचं नाव काढलं की अंगावर येतो. शनिवारी बोटीच्या पंख्यात अडकलेलं जाळं कापायला उतरणार आहे. माझं ऐकत नाही, तुझं ऐकतो. हिरवा दिवा घेऊन ये, नाहीतर त्याला अडवायला ये. यातलं काय करतेस ते शुक्रवारच्या आत कळव. गप्प बसलेलं मी चालवून घेणार नाही.

तुझीच, भांडली तरी तुझीच,
वहिनी