आडवा छेद

२ जानेवारी
ताईच्या घरी बाडबिस्तऱ्यासकट येऊन धडकलो. दाजींनी दारातच जाहीर केलं, की लाकूडपंडित आले, आता वखारीतली लाकडं शिस्तीत वागतील. ताईच्या लेखी मी अजून बाळ्याच. वीस वर्षं लाकूडपरीक्षक आहे, हे तिला सांगून उपयोग नाही.

वखार घराला लागूनच. मला वरची खोली मिळाली: खिडकीला जाड गज, भिंगापुरतं टेबल, खाली स्वयंपाकघर, त्यामुळे फरशी ऊबदार. दाजींनी ट्रकभर जळण घेतलंय, आणि झाड कुठलं ते आणणाऱ्यालाही ठाऊक नाही. पान नाही, फूल नाही, साल सोललेली. नाव कळेपर्यंत दाजी एक फाटाही विकणार नाहीत. विषारी धूर कुणाच्या घरात जायला नको, म्हणतात. असे व्यापारी असतील तर मी जगाशी भांडणं सोडून देईन. नाव मी शोधणारच. ‘अज्ञात’ लिहून मोकळं होणं म्हणजे शेपूट घालणं, हे मी भरसभेत सांगत आलोय.

३ जानेवारी
लाकूड ओळखायचं तर आडवा छेद घ्यावा लागतो. दाढीच्या पात्यानं ओंडक्याचं तोंड तासलं, थुंकीनं ओलं केलं, भिंग लावलं. वर्षाची वलयं नाहीत. एकसुद्धा नाही. मांडीएवढा ओंडका जणू एका दमात वाढलाय. रंग जांभळट, बोटांना लागतो. वास ओल्या लोखंडाचा. माझ्या चारशे नमुन्यांत याचा भाऊबंद सापडला नाही.

म्हणजे राख आणि धूर पाहायला हवा. दाजी म्हणाले, आधी नाव, मग विस्तव. मी त्यांना तासभर झोडपलं: भित्र्याला ज्ञान मिळत नाही, हात पोळल्याशिवाय जगात काय कळलंय? ताई हसली. म्हणाली, तुमची सभा चालू द्या, मी चूल पेटवते. चार ओंडके घेऊन गेलीसुद्धा.

राख लालसर. धूर गोड. थंडी आहे, सगळे चुलीपाशी शेकत बसलो. वखारीत लाकडं कापणारा करवतवालाही आला.

५ जानेवारी
करवतवाल्यानं ढलप्या जरा लहानमोठ्या पाडल्या. एवढंच कारण. दाजींनी त्याचा हात ठोकळ्यावर दाबला आणि कुऱ्हाडीची मागची बाजू हाणली. मग पुन्हा. तीन बोटांचा चेंदामेंदा. मुंगीला वाट करून देणारा हा माणूस! नंतर शांतपणे जेवायला बसले आणि सदऱ्यावर रक्त कुठून आलं, असं मलाच विचारलं.

मी मधे पडलो नाही. मी बघत होतो. खरं लिहायचं तर, अजून बघायचं होतं.

धूर आहे हा. दुसरं काही नाही. ताईला सांगितलं, ते लाकूड चुलीत घालू नकोस. बरं म्हणाली. मी मात्र एक ओंडका वर आणलाय. नाव अजून मिळायचंय.

६ जानेवारी
दाजी गेले.

करवतवाला सकाळी डाव्या हातात कुऱ्हाड घेऊन आला. दाजी जणू वाट बघत होते, हसत पुढे गेले. मानेत रुतलेलं पातं काढायला त्याला छातीवर पाय द्यावा लागला. तोवर दाजींनी करवत त्याच्या पोटात— दोघंही भुशात पडले. रक्त पिता पिता भुसा लाल झाला.

व्याख्यान झोडणारा मी. जाळा म्हणणारा मी.

ताई तेवढी शांत आहे. रडलीसुद्धा नाही. लहानपणापासून मवाळ. तिला इथून काढलंच पाहिजे. तिच्याशिवाय आता कोण आहे मला?

७ जानेवारी, सकाळ
ताई चहा ठेवायला वाकली. मी तिच्या मनगटाकडे बघत होतो. इथे छेद घेतला तर वलयं दिसतील का, असा विचार— स्वच्छ, शांत विचार. हातात पातं होतं.

धावत वर आलो. कडी लावली, टेबल दाराला लावलं. आतूनच ओरडलो, ताई, निघून जा, माझ्यापासून लांब जा. ती म्हणाली, तुला टाकून कुठे जाऊ बाळ्या?

दुपार
फरशीच्या फटींतून धूर. गोड.

त्या लाकडाची चूल विझलीच नव्हती.

आम्ही घटकाभर शेकलो. ती पाच दिवस त्या चुलीवर वाकून फुंकर घालतेय. पहिल्या दिवसापासून. मवाळ म्हणालो मी तिला. मी—

जिन्यावर पावलं. काहीतरी जड, पायरीपायरीवर आपटत येतंय.

दारावर घाव. मधे थांबून बोलते, अगदी मायेनं. “बाळ्या, सगळ्यांच्या आत बघतोस. मला एकदा तुझ्या आत बघू दे.”

ही वही ज्याला मिळेल त्यानं वखारीतलं जांभळं लाकूड जाळू नये. पुरून टाका. शेकायलासुद्धा—

फळी फुटली. हात आत आला. कडी चाचपडतोय. तिचाच हात, बांगडीसकट, माझ्या समोर— पातं माझ्याकडे आहे— मी टाकून देतोय, टाकतोय, बोटं सुटत नाहीत—

ताई, हात मागे घे. मागे घे गं, मी