माझ्याकडे तर चालतंय

मंगळवार, ४ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र शनिवारी मिळालं. सासूबाईंचा गुडघा आता वळतोय हे वाचून बरं वाटलं. माझंही ठीक आहे. खोलीच्या खिडकीला एकदाचा पडदा लावला. समोरच्या बाल्कनीतल्या आजोबांना आता दुसरी करमणूक शोधावी लागेल.

फोन करता आला असता, पण तुझा फोन म्हणजे धर्मशाळा. लेकीपासून नणंदेपर्यंत सगळे मेसेज वाचतात. पत्र तेवढं तुझं एकटीचं. हे पोस्टानं टाकतेय. भाऊजी शनिवारी घरी येतातच, त्यांच्या हाती देता आलं असतं. नाही दिलं.

कामाचं विचारलं होतंस. भाऊजींनी शब्द टाकला म्हणून मी नोव्हेंबरात या डायलिसिस केंद्रात लागले, हे तुला माहीतच आहे. तीस खुर्च्या, तीस मशीनं, दिवसाला दोन पाळ्या. पूर्वी पेशंटच्या रक्ताचे रिपोर्ट फायलींत असायचे आणि फाइल नेमकी हवी तेव्हा कुलपात. आता मी प्रोग्रॅम लिहिलाय. कारकून रिपोर्ट चढवतात, डॉक्टर खुर्चीपाशी उभं राहून पेशंटचा नंबर दाबतात, की रिपोर्ट समोर. हा प्रोग्रॅम मी माझ्या लॅपटॉपवर, विंडोजवर लिहिते. चालतो मात्र केंद्राच्या सर्व्हरवर, आणि तिथं विंडोज नाही, लिनक्स आहे. म्हणजे स्वयंपाक माझ्या ओट्यावर आणि पंगत दुसऱ्याच्या घरी. त्या घराची किल्ली भाऊजींकडे. सर्व्हरला हात लावायचा अधिकार फक्त त्यांना.

ताई, गेले तीन आठवडे रिपोर्ट नाहीसे होताहेत.

सगळे नाही. दुपारच्या पाळीतले काही. डॉक्टर नंबर दाबतात आणि पडद्यावर येतं, ‘रिपोर्ट उपलब्ध नाही’. मी सर्व्हरवरचे सगळे रिपोर्ट भाऊजींकडून माझ्या लॅपटॉपवर उतरवून घेतले, तोच नंबर दाबला, की उघडला! मोठ्या डॉक्टरांना नेऊन दाखवलं. म्हटलं, “माझ्याकडे तर चालतंय.” ते म्हणाले, “पेशंट तुझ्याकडे नाहीत, माझ्याकडे आहेत.” कानशिलं तापली माझी.

दोनदा तर याहून विचित्र झालं. नवा रिपोर्ट चढवल्यावरही पडद्यावर गेल्या महिन्याचा आला. तूच सांग, कागद आपोआप जुना होतो का? कुणीतरी नवा काढून जुना ठेवल्याशिवाय हे कसं होईल? आणि दुपारी सर्व्हरच्या खोलीत एकच माणूस असतो.

मी काही म्हणत नाहीये. नुसतं दिसतं ते लिहितेय. भाऊजी सारखे जिन्यात जाऊन फोनवर बोलतात, तेही हळू आवाजात. मी खोलीत शिरले की त्यांच्या पडद्यावर काळी चौकट आणि पांढऱ्या ओळी, आणि त्या ओळी मी वाचायच्या आत भरभर वर सरकून जातात. सर्व्हरचा पासवर्ड मागितला तर म्हणाले, “तुला कशाला? हवं ते सांग, मी करून देतो.”

एक विचारू? घरी आल्यावर माझं नाव निघतं का? मागे एकदा ते तुला म्हणाले होते ना, ‘तुझ्या बहिणीचं डोकं फार चालतं’ म्हणून? ते हसून म्हणाले होते की कसं? नीट आठवून लिही. त्यांना मात्र विचारू नकोस.

वाचून झालं की पत्र फाडून टाक.

तुझी,
धाकटी

शुक्रवार, २५ एप्रिल

प्रिय ताई,

नमस्कार. सगळे बरे असाल.

भाऊजी सामान घेऊन घरी पोचले असतील. काय झालं ते त्यांनी सांगितलंच असेल, पण ते मोजकं बोलतात, म्हणून लिहितेय.

आमच्याकडे एक पेशंट आहेत, निवृत्त शिक्षिका. सगळे त्यांना गणिताच्या बाई म्हणतात. सातव्या खुर्चीवर बसतात आणि मशीनवरचे आकडे नर्सच्या आधी वाचतात. गेल्या महिन्यात त्यांच्या रक्तात पोटॅशियम फार वाढलं होतं, म्हणून ते जास्त ओढून घेईल असं मशीन लावलेलं. या महिन्याच्या रिपोर्टात ते चांगलंच उतरलेलं होतं. पण डॉक्टरांना पडद्यावर दिसला जुनाच रिपोर्ट. त्यांनी मशीन तसंच ठेवलं. आधीच कमी असलेलं आणखी ओढलं गेलं आणि बाईंच्या हृदयाचे ठोके चुकायला लागले. मी तेव्हा तिथंच होते. त्यांचा हात खुर्चीच्या दांडीवरून घसरला, चष्मा मांडीवर पडला. दोन दिवस अतिदक्षता विभागात होत्या. वाचल्या.

चौकशी झाली. कुणीतरी लेखी तक्रार दिली होती म्हणतात. मलाही बोलावलं होतं, मी पाहिलं तेवढं सांगितलं. सर्व्हर भाऊजींच्या ताब्यात, तेव्हा जबाबदारी त्यांची, असं ठरलं आणि त्यांना राजीनामा द्यायला सांगितलं.

तू विचारशील, ‘तू तिथं होतीस ना, मग त्यांच्या बाजूनं बोलली नाहीस?’ अगं, मी काय बोलणार? माझा प्रोग्रॅम तर माझ्याकडे व्यवस्थित चालत होता. मी तो डोळ्यांत तेल घालून तपासलाय.

त्यांनी स्वतःच्या बचावाला एक शब्द काढला नाही, एवढं मात्र मला खटकलं. खोलीतून बाहेर पडताना माझ्याकडे बघून जरासे हसले. ज्याचं काही चुकलं नाही तो माणूस असा हसतो का, ताई? मी चार दिवस तेच घोळवतेय.

जपून राहा. त्यांना थोडे दिवस काही विचारू नकोस.

तुझी,
धाकटी

गुरुवार, १९ जून

ताई,

नमस्कार.

तुझी दोन पत्रं माझ्या टेबलावर आहेत. उत्तर द्यायला उशीर झाला. कामाचं निमित्त सांगता येईल, पण सांगत नाही.

पहिल्या पत्रात तू लिहिलंयस की भाऊजींना नवी नोकरी लागली, पण इतकी लांब की आता महिन्यातून एकदाच घरी येतात. सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं तर तू एकटी, लेकीच्या शाळेत बोलावलं तर तू एकटी. दुसऱ्यात लिहिलंयस, ‘ज्या कुणी डॉक्टरांचे कान भरले त्याचं कधी भलं व्हायचं नाही. तू आत आहेस, डोळे उघडे ठेव, कोण आहे ते मला कळव.’

कळवते. मीच.

एप्रिलच्या त्या पत्रात ‘कुणीतरी लेखी तक्रार दिली होती म्हणतात’ असं मी लिहिलं होतं ना, ती तक्रार माझीच. दीड पानाचा कागद होता. जिन्यातले फोन, काळी चौकट, न दिलेला पासवर्ड, सगळं त्यात क्रमानं लिहून खाली सही केली होती. बाईंचा चष्मा पडलेला पाहिला आणि त्याच दुपारी नेऊन दिला. मार्चच्या पत्रात तुला ‘ते हसून म्हणाले होते की कसं’ असं विचारलं, तेही त्या कागदासाठीच. तू भोळेपणानं लिहिलंस, ‘हसून, पण जरा टोचूनच.’ ते वाक्यही मी त्यात घातलं. तुझ्याच नवऱ्याविरुद्ध तुझीच साक्ष, तुला न सांगता.

आता पुढचं ऐक.

भाऊजी गेल्यावर सर्व्हर माझ्या ताब्यात आला. मे महिन्यात रिपोर्ट पुन्हा नाहीसे झाले. माझा पहिला विचार काय होता सांगू? जाताना काहीतरी करून गेलेत. इथपर्यंत पोचले होते मी. मग पहिल्यांदाच त्या काळ्या चौकटीपुढे बसले (सर्व्हरला हुकूम द्यायचा तो साधा पडदा असतो) आणि फायलींची यादी काढली. बाईंचा नंबर के-दोनशेचौदा. त्या नावाच्या दोन फायली होत्या. एकीत इंग्रजी के मोठा, दुसरीत लहान. मोठ्या केची मार्चची, लहान केची एप्रिलची. दोन्ही सुखरूप. कुणी काही काढलं नव्हतं, कुणी काही ठेवलं नव्हतं.

तुला कळेल असं सांगते. माझा विंडोजवाला लॅपटॉप नावातलं लहान अक्षर आणि मोठं अक्षर एकच समजतो. नवी फाइल आली की जुनीच्या जागी बसते. लिनक्स तसं समजत नाही. त्याच्या लेखी ती दोन वेगळी माणसं. दुपारच्या कारकूनबाई जुन्या टायपिस्ट, सगळं मोठ्या अक्षरांत लिहितात. सकाळचा कारकून घाईचा, सगळं लहान अक्षरांत. दुपारच्या पेशंटची नोंद कारकूनबाईंनी मोठ्या अक्षरात केलेली, आणि रिपोर्ट सकाळच्यानं लहान अक्षरात चढवला, की माझा प्रोग्रॅम मोठं अक्षर शोधत बसायचा. सापडली तर महिन्यापूर्वीची फाइल, नाहीतर काहीच नाही. सगळी अक्षरं आधी एकसारखी करून घ्यायची, एवढी एक ओळ मी लिहायला हवी होती. एक ओळ, ताई! वर कहर म्हणजे मीच पानाच्या माथ्यावर ठळक आजची तारीख दाखवत होते. जुना रिपोर्टही आजचाच वाटायचा.

आणि जिन्यातले फोन? सर्व्हरच्या खोलीत रेंज नसते. आता मीही जिन्यात जाऊन बोलते. जिना घुमतो, म्हणून हळू बोलावं लागतं.

हे सगळं कळल्यावर मी माझ्या जुन्या ईमेल शोधल्या. का शोधल्या, नक्की सांगता येत नाही. कदाचित दोष अजून कुणावर तरी ढकलता येईल म्हणून. डिसेंबरची एक ईमेल सापडली, भाऊजींची. तीनच ओळी. ‘इथं लहान-मोठं अक्षर वेगळं धरलं जातं. तुझ्या लॅपटॉपवर हे दिसणार नाही. फायलींची नावं सांभाळ.’ खाली माझं उत्तर, दोन मिनिटांत पाठवलेलं. ‘माझ्याकडे तर चालतंय.’

मी त्यांना फोन केला. तीनदा उचलला नाही. चौथ्यांदा उचलला.

“भाऊजी, डिसेंबरची ती ईमेल तुमच्याकडे होती?”

“होती.”

“मग चौकशीत दाखवली का नाहीत?”

मग म्हणाले, “खरं सांगू? तो कागद त्यांनी माझ्यापुढे ठेवला, खाली तुझी सही. मला वाटलं, अक्षरांची ती चूक हिला कळलीय, ही ती दुरुस्तही करील, पण मुद्दाम मला काढायला बघतेय. म्हटलं, घरच्या पोरीशी चौघांत भांडत बसण्यापेक्षा गेलेलं बरं.”

“मला खरंच काही कळलं नव्हतं हो.”

“हां. ते आता कळतंय मला.”

“ताईला सांगितलंत?”

“नाही. ते तुझं काम.” आणि ठेवता ठेवता म्हणाले, “हे बघ, माफ वगैरे केलं नाहीये मी अजून. उगाच समजूत करून घेऊ नकोस.”

मला ते ऐकून बरं वाटलं, विश्वास ठेव. ते गोड बोलले असते तर मी त्यातही काहीतरी शोधलं असतं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांकडे गेले. नवा कागद दिला. चूक माझी, भाऊजींची नाही, आणि सोबत ती ईमेल. डॉक्टर म्हणाले, “झालं ते झालं. आता सगळं नीट चालतंय ना? कशाला उकरायचं?” मी उठलेच नाही. शेवटी त्यांनी केंद्राच्या फलकावर तसं लेखी लावलं आणि भाऊजींना परत या म्हणून पत्र पाठवलं. भाऊजींनी अजून हो म्हटलेलं नाही. माझा राजीनामा डॉक्टरांच्या खणात आहे. दुसरं कुणी मिळेपर्यंत थांब म्हणाले. तोवर मी केलेली प्रत्येक गोष्ट बाहेरचा माणूस तपासतो, आधी सर्व्हरसारख्याच मशीनवर, मग खऱ्यावर. तो माझ्याकडे संशयानं बघतो. बघू दे.

गणिताच्या बाईंनाही सांगितलं. सातव्या खुर्चीशेजारी स्टूल घेऊन बसले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्यांनी मशीनवरचे आकडे वाचून संपवले, मग माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, “उत्तर चुकलं की पोरं आधी म्हणायची, पुस्तकातच चुकीचं छापलंय. चाळीस वर्षं ऐकलं.” एवढंच. रागावल्या का तेही कळलं नाही. निघताना म्हणाल्या, “उद्याही येऊन बस.” मी रोज बसते.

ताई, मला सगळ्यात जास्त कशाची लाज वाटते, ते राहिलंय. रिपोर्ट नाहीसे होऊ लागले त्याच्या आधीपासून माझ्या मनात भाऊजींविषयी अढी होती. त्यांच्या शब्दावर लागले ना, मग जो तो म्हणायचा, ‘अमक्यांची मेहुणी.’ माझ्या कामाला माझं नाव नव्हतं. ते चुकलेले निघाले असते तर मी सुटले असते. पुरावे मी नंतर गोळा केले, निकाल आधीच लिहिलेला होता. हे भाऊजींनाही सांगितलेलं नाही. तुलाच पहिलं.

रविवारी सकाळच्या गाडीनं येतेय. भाऊजी त्या दिवशी घरी नसतील, ते बघूनच दिवस ठरवलाय. तुला जे बोलायचं ते मला एकटीला तोंडावर बोलता यावं. तू काय म्हणालीस हे आधी कुणाकडून काढून घेणार नाही, लेकीला फोन करून अंदाजही घेणार नाही. येईन आणि दार वाजवीन. न उघडावंसं वाटलं तर नको उघडूस. दुपारची परतीची गाडी आहे.

‘तुझी’ हा शब्द आज लिहीत नाही. तो तू लिहिलास तरच माझा.

धाकटी