कोरे चौकोन

बाबा, तुम्ही समोरच्या खोलीत टांगलेला तो तक्ता आता माझ्याकडे आहे, म्हणजे कपाटामागे गुंडाळून ठेवलाय. भिंतीवर लावायची माझी छाती नाही. रामदासपेठेतल्या प्रयोगशाळेत दिवसभर लोकांचं रक्त तपासायचं आणि घरी येऊन आपल्याच गोताचं चित्र काढत बसायचं, हा तुमचा नाद आईच्या डोक्यात जायचा. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. रक्तातला सिकलसेलचा दोष आईबापांपैकी एकाकडूनच आला तर अर्धा भाग लाल, दोघांकडूनही आला तर पूर्ण लाल, आणि आजार त्यालाच. तपासून निर्दोष निघाला त्याला पेन्सिलीचं बारीक टिंब. ज्याने रक्तच दिलं नाही, तो कोरा. दोष कसा लांबून डोळ्यांत भरला पाहिजे, म्हणायचात. भरला की! लग्नसराईत नातेवाईक मुलगी पाहण्याआधी तक्ता पाहू लागले. त्यांना लाल तेवढं दिसायचं. टिंब कोणाला दिसतंय? बाकी सगळं पांढरं, म्हणजे चांगलं. नरखेडकडचे काही जण तर तुमची सुई दिसली की दारच लावून घ्यायचे, रक्त दिलं नाही की घर पांढरं राहतं म्हणून. तुम्ही आधी हसायचात. मग हसेनासे झालात.

आत्या माझ्या धाकट्या बहिणीला मागणी घालायला आली तो दिवस. संत्र्यांची टोपली मध्ये ठेवून ती बसली आहे, शेजारी तिचा मुलगा. मामाची पोरगी भाच्याला, यात विचारायचं काय, असा तिचा थाट. धाकटी अर्धी लाल, ते भिंतीवरच होतं; पण आमचं घर स्वच्छ आहे, मग भीती कसली, हे आत्याचं म्हणणं. तुम्ही स्वतः अर्धे लाल आणि ती तुमची सख्खी बहीण. तुम्ही मुलाला बाही वर करायला सांगितली. त्याने बिचाऱ्याने केलीही. आत्याने त्याचा हात धरून खाली ओढला.

"माह्या घरावर डाग पाडून राहिला का गा तू?"

"अवं बाई, कोरं म्हणजे चांगलं नाही. कोरं म्हणजे पाहिलंच नाही."

"तूच काढलं ना हे? मंग तुलेच दिसत नाही काहून?"

आई रडायला लागली, धाकटी आत जाऊन बसली, आणि तुम्ही सुई डबीत ठेवून दिलीत. मला तेव्हा तुमचा इतका राग आला होता बाबा, अजूनही येतो.

लग्न झालंच. धाकटीच्या बाळाला दात यायच्या सुमारास त्याचे हातपाय सुजले. कोणाला हात लावू देईना. उष्णता असेल, असं आत्या म्हणत होती. तुम्ही त्याची बोटं पाहिलीत आणि तिथेच खाली बसलात. शाळेत जायच्या वयाचं ते पोर झालंच नाही. नंतर तुम्ही एकेका कोऱ्या चौकोनात जाड काळं प्रश्नचिन्ह भरलंत. तक्त्यावर लालपेक्षा काळंच जास्त झालं. ते पाहायला मग कोणी आलं नाही.

आता माझ्या लेकीचं जमलंय. तिचं रक्त मी तपासून घेतलंय. अर्धी लाल आहे ती, माझ्यासारखी, तुमच्यासारखी. माणसं चांगली आहेत, बोलायला गोड. आमच्यात तसलं काही नाही, असं मुलाची आई आपणहून म्हणाली. तपासलं का, एवढंच विचारायचं होतं. मी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा म्हणाले, पोहे घ्या ना.

रविवारी साक्षगंध आहे. लेक आतल्या खोलीत गुणगुणत साड्या लावून पाहते आहे. हे पत्र मी कुठे टाकणार, पण तुमच्याशी खोटं बोलवत नाही. विचारायचा धीर होत नाही, असं मी स्वतःला सांगते. तसं नाही बाबा. मला विचारायचंच नाही.