नजराणा परत करायचा असतो

कॅरी, नॉर्थ कॅरोलिना
(तारीख पोस्टाच्या शिक्क्यावर बघावी. हल्ली मला तारखा लिहवत नाहीत.)

तीर्थरूप काकांस संजीवचा साष्टांग नमस्कार.

नमस्कार खरोखरच घातला. घरभर कार्पेट असल्यामुळे अमेरिकेत साष्टांग घालणं फार सुखाचं असतं. (कंबर धरली आहे, पण ती नमस्काराने नव्हे. कारण पुढे येईल.) ‘आपल्या घरात वाकायचं ते देवापुढे, थोरांपुढे आणि नळाखाली’ हा तुमचा नियम मी मोडलेला नाही, निदान या परिच्छेदापर्यंत तरी. तुमचा रक्तदाब कसा आहे? सकाळची गोळी घेतली नसेल तर आधी घ्या आणि मगच पुढे वाचा. काकूंचे गुडघे मलम लावून गप्प बसले असतील अशी आशा आहे. फोनच करणार होतो, पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला हे बोलता येणार नाही, तेव्हा दोघांच्या सोयीसाठी कागद काढला.

पहिली बातमी म्हणजे माझी नोकरी गेली. आमच्या अख्ख्या टीमला एका व्हिडिओ कॉलवर निरोप दिला, आणि निरोप देणाऱ्या बाईंचाही तो शेवटचाच दिवस होता, त्यामुळे रागवायलासुद्धा समोर कोणी उरलं नाही. इथे नोकरीला व्हिसा बांधलेला असतो आणि नोकरीलाच आरोग्यविमाही बांधलेला असतो. एक दोर कापला की सगळं गाठोडं खाली येतं. व्हिसाचं मी कसंतरी निभावलं असतं, पण नेत्राच्या हृदयाची झडप बदलायची आहे हे तुम्हाला माहीत आहे. ऑपरेशनची तारीख पुढच्या महिन्यातली आणि विमा या महिनाअखेरपर्यंतचा. पदरचे पैसे भरून तो काही काळ चालू ठेवता येतो, पण तो हप्ता आमच्या घराच्या हप्त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा राहतो आणि दोघांना एकदम पोसणं मला शक्य नव्हतं. म्हणून मी आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या अडीअडचण निधीकडे अर्ज केला. कोणाची नोकरी गेली, कोणाचे वडील इथे मुलाकडे आले असताना वारले, तर उपयोगी पडावा म्हणून आम्हीच वर्षानुवर्षं वर्गणी काढून जमवलेला तो पैसा. अर्जदाराचं नाव फक्त खजिनदाराला कळतं. खजिनदार शैलजाताई. त्यांनी माझा अर्ज घेतला, घरी आल्या, नेत्राच्या हातचा चहा प्यायल्या आणि जाताना उगाचच आमच्या तुळशीला पाणी घालून गेल्या.

आता दुसरी बातमी, आणि इथे तुम्ही जरा भिंतीला टेकून बसा. आपल्या हिरडेगाव संस्थानचे श्रीमंत परीक्षितराजे अमेरिकेच्या दौऱ्यावर आले होते. हो, तेच, ज्यांच्या राजवाड्यासमोरून जायला नको म्हणून तुम्ही चाळीस वर्षं तळ्याला वळसा घालून भाजी आणताय. आमच्या मंडळाचे अध्यक्ष उल्हासराव (स्वभावाने वाईट नाहीत, फक्त त्यांना माईक दिसला की राहवत नाही) यांनी ठरवलं, की महाराजांना कॅरीला बोलावून रीतसर दरबार भरवायचा. मंदीमुळे यंदा निम्म्या लोकांनी वर्गणीच भरली नव्हती, तेव्हा पैसा कुठला, असं आमच्या कमिटीच्या मीटिंगमध्ये कोणीतरी विचारलं. उल्हासरावांनी अडीअडचण निधी सुचवला. म्हणाले, “यार, लोकांचं मोराल टोटल डाउन आहे. लेऑफ, व्हिसा, सगळं निगेटिव्ह. अशा वेळी काहीतरी ग्रँड केलं ना, तर लोकांची मान ताठ राहील. अडीअडचण म्हणजे फक्त पैशाचीच असते का?” सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. कमिटीत बसून एकट्याने हात खाली ठेवला असता तर लोकांनी माझ्याकडे निरखून पाहिलं असतं, आणि त्या दिवसांत मला कोणी निरखून पाहिलेलं नको होतं.

त्याच मीटिंगमध्ये सगळ्यात शेवटी माझा अर्ज आला. नाव गुप्त असल्यामुळे तो ‘एक सदस्य’ एवढाच होता, आणि त्या एका सदस्याबद्दल मी माझ्याच शेजारी बसून बरंच काही ऐकलं. लोकांनी चार पैसे बाजूला टाकायला हवेत. आधी इलेक्ट्रिक गाडी घेतली असणार. (आमची गाडी पेट्रोलची आहे आणि तिचा मागचा दरवाजा आतून उघडत नाही, पण हे सांगायचं कसं?) एक गृहस्थ अगदी कळवळून म्हणाले, की बिचाऱ्याला निदान दरबाराचा पास फुकट द्यावा. शैलजाताई समोरच्या कागदाकडे बघत राहिल्या. शेवटी ठरलं, की दरबार होऊन जे उरेल त्यातून या सदस्याला द्यावं. हिशेब करता तेवढं उरणारही होतं. मी घरी येऊन नेत्राला सांगितलं, काळजी करू नकोस, महाराज येऊन गेले की आपलं काम झालं.

इतक्यावर मी गप्प बसलो असतो तर हे पत्र एका पानात संपलं असतं. पण तयारीच्या वेळी उल्हासरावांनी विचारलं, की दरबाराच्या रीती कोणाला माहीत आहेत, आणि काका, माझ्या तोंडून निघून गेलं, की माझे आजोबा रायाजी हे हिरडेगावच्या गादीचे चोपदार होते. तुम्ही गॅझेटमध्ये छापून ‘चोपदार’चं ‘हिरडेकर’ केलंत, मला इंजिनियर केलंत, ते मी चोपदार म्हणून उभा राहावं यासाठी नव्हे, हे कळतं मला. पण नोकरी गेल्यापासून मला कोणी काही विचारलेलंच नव्हतं. आता एकदम सगळे विचारायला लागले. मुजरा कसा करायचा, पाठ कुठवर झुकवायची, विडा कोणी द्यायचा. मी जाणत्यासारखा सांगत होतो. मुजऱ्याची तालीम घेताना दर वेळी मीच वाकून दाखवत होतो. (कंबर ती.) मग उल्हासरावांनी नजराण्याचं काढलं. मी सांगितलं, की तबकात नजराणा पुढे करायचा, महाराज त्याला नुसता हात लावतात आणि परत करतात. देणाऱ्याचा मान आणि घेणाऱ्याचा मोठेपणा, अशी ती रीत, आजोबा ओसरीवर बसून सांगायचे. उल्हासरावांचे डोळे चमकले. परत येणारच असेल तर आपण छोटा नजराणा का ठेवायचा? निधीत उरलेल्या सगळ्याच रकमेचा चेक लिहू, फोटो झकास येईल. “परत येतो ना पण, नक्की?” त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, शंभर टक्के.

दरबार एका शाळेच्या सभागृहात भरला. शाळेने घोडा नाकारला (हत्तीचं विचारायचं धाडस झालं नाही) आणि मशालींच्या नुसत्या चौकशीवर अग्निशमन खात्याने पत्र पाठवलं, म्हणून गोल्फच्या मैदानावरची बॅटरीची गाडी आणून तिला जरीची झूल घातली. ती गाडी मागे घेताना टुक टुक वाजते, आणि ड्रायव्हरने ती दारापाशी बरीच मागे-पुढे केली, त्यामुळे महाराजांचं आगमन सनई आणि टुकटुक यांच्या जुगलबंदीत झालं. सिंहासन न्यू जर्सीच्या लग्नवाल्या डेकोरेटरचं होतं, नवरा-नवरी दोघांसाठी केलेलं, त्यामुळे महाराज त्याच्या एका कोपऱ्यात बसलेले दिसत होते आणि दुसरा कोपरा कोणाची तरी वाट बघत होता. चवऱ्या ढाळायला दोघे जण होते, दोघेही ताजे बेकार, एक क्लाउडवाला आणि एक डेटावाला. फेटे मात्र सगळ्यांना सुरेख बसले होते. ज्यांची मान ताठ राहावी म्हणून हे सगळं चाललं होतं ते एकेक पुढे येऊन, मी शिकवलं तसे, कमरेत वाकत होते.

मी दंड घेऊन उभा होतो. (पडद्याचा दांडा, वर चंदेरी कागद.) वेळ आल्यावर मी दंड जमिनीवर आपटला आणि “निगाह रखो” म्हणून ललकारी दिली. काका, तो आवाज माझा नव्हता, आजोबांचा होता. सभागृह एकदम चूप झालं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

मग तबक आलं. उल्हासरावांनी ते पुढे धरलं. महाराजांनी चेकला हात लावला, जसा लावायला हवा तसा, दोन बोटांनी. मग तो उचलला, चष्मा वर करून रक्कम वाचली, घडी घातली आणि अंगरख्याच्या आतल्या खिशात ठेवला. फोटोग्राफरने फोटो काढला. उल्हासराव रिकामं तबक धरून तसेच उभे राहिले, कारण पुढची पायरी त्यांना मी सांगितली होती ती ही नव्हती. त्यांनी माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. मी चोपदार, मी काय करणार? मी दंड आपटला आणि पुढची ललकारी दिली. पहिल्या रांगेत नेत्रा बसली होती, शेजारी आमची केया. केयाला मी घरी ही रीत मोठ्या कौतुकाने समजावून सांगितली होती. कार्यक्रम संपल्यावर ती एवढंच म्हणाली, “बाबा, ही डिडन्ट गिव्ह इट बॅक.” नेत्राने माझ्या फेट्याच्या टाचण्या एकेक करून काढल्या.

दुसऱ्या दिवशी कमिटी बसली. शैलजाताई म्हणाल्या, “चेक स्टॉप करा. तो पैसा एका आजारी बाईचा आहे.” उल्हासराव म्हणाले, की राजाला दिलेला चेक थांबवला असं बाहेर कळलं तर मंडळाची काय अब्रू राहील. पुन्हा हात वर करायची वेळ आली. तो सदस्य मीच आहे असं सांगायला माझं तोंड उघडलंसुद्धा होतं, पण तेवढ्यात बहुमत झालं. महाराजांनी नजराणा स्वीकारल्याबद्दल आभाराचा ठराव पास झाला. ऑपरेशनची तारीख नेत्राने स्वतःच फोन करून कॅन्सल केली. फोनवरच्या बाईंनी कारण विचारलं तर म्हणाली, आमच्याकडे घरात कार्य होतं.

महाराजांना विमानतळावर सोडायला मी गेलो, कारण कामाच्या दिवशी मोकळा असा मीच. मी मनात सगळं पाठ करून गेलो होतो आणि गाडी हायवेला लागल्यावर म्हणालो, “महाराज, नजराणा हात लावून परत करायचा असतो.” ते म्हणाले, “आमच्या आजोबांना परवडत होतं.” पुढे त्यांनी आपलं सांगितलं. राजवाडा हॉटेल कंपनीला दिलेला, भाडं भाऊबंदांच्या कोर्टकचेऱ्यांत जातं, हे स्वतः मुदपाकखान्यामागच्या दोन खोल्यांत राहतात. मी त्यांना नेत्राचं सांगितलं. ते कळवळले, अगदी मनापासून, पण चेक काही त्यांनी काढला नाही. उतरताना त्यांनी मागचा दरवाजा आतून उघडायचा प्रयत्न केला. तो उघडत नाही, म्हणून मला बाहेर येऊन अदबीने उघडावा लागला. असला लबाड, लोचट आणि ऐतखाऊ माणूस मी जन्मात पाहिला नाही.

असो. काकूंना नमस्कार, केयाकडून तुम्हा दोघांना हाय.

तुम्ही शिकवलेला,
संजीव

ता. क. – आजोबांचा चांदीच्या मुठीचा दंड तुम्ही परसात आंबे पाडायला ठेवलाय. पाऊस लागायच्या आत घरात घ्या आणि मूठ जरा चिंचेने घासून ठेवा.

ता. क. २ – महाराजांबद्दलचं शेवटचं वाक्य खोडावं. रागात लिहिलं गेलं. शक्य तर ते पानच फाडावं, चुकून कोणाच्या हाती जायला नको.

ता. क. ३ – राहिलंच. दार उघडल्यावर महाराज मला म्हणाले, की हॉटेलच्या दरवाजावर संध्याकाळी पाहुण्यांसाठी ललकारी द्यायला त्यांना खानदानी चोपदार हवाय आणि माझा आवाज चांगला आहे. पगार सांगण्यासारखा नाही. पण हॉटेल कंपनी नोकराच्या सगळ्या कुटुंबाचा विमा उतरवते, जुन्या आजारासकट, पहिल्या दिवसापासून. मी मॅनेजरला लिहून खात्री करून घेतली. मिरजेला ऑपरेशन होईल. अडचण एकच आहे, माझ्या सगळ्या कागदांवर हिरडेकर आहे. मॅनेजर म्हणतो, घरातल्या वडीलधाऱ्यांनी येऊन सांगावं, की आम्ही चोपदारच. ते सांगणारं माणूस आता तुम्हीच आहात. महिनाअखेरच्या आत जाऊन या, काका. मोठा दरवाजा पाहुण्यांपुरताच उघडतात, तुम्हाला त्यातल्या छोट्या दिंडीदरवाजातून जावं लागेल. आजोबा म्हणायचे, ती दिंडी मुद्दामच बुटकी केलीय. तुम्ही दार बुटकं म्हणून वाकलात, असंच मी धरून चालेन.